दिनविशेष : १८ मार्च २०१६ – शेवटाविना संपलेली मालिका

‘डायव्हर्जंट’ मालिकेतला तिसरा चित्रपट ‘अलीजंट’ या दिवशी अमेरिकेत प्रदर्शित झाला. भविष्यातल्या, भिंतीआड कोंडलेल्या शिकागोची ही कथा. व्हेरॉनिका रॉथ यांच्या या मालिकेतल्या शेवटच्या कादंबरीचे निर्मात्यांनी दोन चित्रपट करायचे ठरवले होते. त्यातला हा पहिला. आधीच्या चित्रपटाने जगभरात सुमारे ३० कोटी डॉलर मिळवले होते, हा १८ कोटींच्या आसपासच अडकला. पुढचा ‘असेंडंट’ चित्रित झालाच नाही.

कादंबरीत नायिका ट्रिस भावाऐवजी स्वतः मृत्यूच्या दारात जाते. सगळ्या कथेचा हा कळस पडद्यावर कधी आलाच नाही. वर्षानुवर्षे साथ देणाऱ्या प्रेक्षकांवर हा अन्यायच होता. शेवटाचे मोल आपल्याकडे गावेही जाणतात: नगर जिल्ह्यात गावोगाव हरिनाम सप्ताह बसतात. समारोपाचे, म्हणजे काल्याचे, कीर्तन झाल्याशिवाय एकही सप्ताह उठत नाही. चित्रपटांत मात्र एका कथेची दोनदा तिकिटे विकण्याची रीत आता आपल्याकडेही रुळली आहे. ‘बाहुबली’ने २०१५ मध्ये प्रश्न अधांतरी सोडला, पण २०१७ मध्ये त्याचे उत्तर दिले, आणि लोकांनी चित्रपटगृहे भरून टाकली. ‘अलीजंट’च्या प्रेक्षकांना तेवढेही मिळाले नाही. उरलेली गोष्ट दूरचित्रवाणीवर दाखवायचा बेत झाला, तोही बारगळला.