रोहूचे आरोग्य आणि नॅनोकण : प्रस्तावना

यवतमाळचे नाव निघाले की कापूस आठवतो. मासा सहसा कुणाला आठवत नाही. पण पुसदजवळची पूस, दिग्रसची अरुणावती आणि बाभूळगावकडची बेंबळा या धरणांच्या पाण्यात रोहू, कटला, मृगळ वाढतात आणि आता शेततळ्यांतही मत्स्यबीज पडते. पिढ्यान्‌पिढ्या जाळे टाकणारा भोई-ढिवर असो की कपाशीसोबत मासे सांभाळणारा शेतकरी, रोगराईची धास्ती दोघांनाही सारखीच. त्या धास्तीवर विज्ञान काय शोधते आहे, हे मराठीत निवांतपणे सांगण्याजोगे आहे.

वाचकांनी सुरुवात मात्र नॅनोमीटरपासून करू नये, तळ्यापासून करावी. उन्हाळ्यात पाणी उतरते, माशांची दाटी होते, प्राणवायू घटतो आणि पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड उघडून तरंगताना दिसतात. अशा थकलेल्या माशाला अर्ग्युलस, म्हणजे माशांची ऊ, चिकटते आणि तिने केलेल्या जखमेतून एरोमोनाससारखे जीवाणू आत शिरतात. भारतात १९८८ मध्ये प्रथम दिसलेला, अंगावर व्रण पाडणारा रोग थंडीत डोके वर काढतो. त्यामागे बुरशीसदृश जीव असतो. अशा वेळी औषध पाण्यात टाकले, तर माशाला त्यातले थोडेच लाभते आणि उरलेले तळ्यात राहते. प्रतिजैविकांचा मारा केला, तर त्यांना न जुमानणारे जीवाणू तयार होतात.

म्हणून प्रश्न अधिक जालीम औषधाचा नाही, ते नेमक्या ठिकाणी पोचवण्याचा आहे. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा शंभर कोटीवा भाग. कोळंबीच्या टरफलापासून मिळणाऱ्या कायटोसानचे इतके सूक्ष्म कण करून त्यांत लस सामावता येते. हजारो बोटुकल्यांना एकेक करून सुई टोचणे कुणाला जमणार? लस खाद्यातूनच द्यायला हवी. रोहूला जठर नसते, तरी आतड्यातले पाचकरस उघड्या लसीची वाट लावतात. कायटोसानचे आवरण तिला जपते आणि आतड्याच्या अस्तराला चिकटून राहते. या क्षेत्रातली मला सर्वांत मोहक वाटणारी कल्पना हीच.

चांदीच्या कणांची गोष्ट वेगळी आहे आणि ती आपल्या शेजारी घडली आहे. यवतमाळची महाविद्यालये ज्या संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाला जोडलेली आहेत, तिथे प्रा. महेंद्र राय आणि सहकाऱ्यांनी बुरशीच्या साहाय्याने चांदीचे नॅनोकण तयार केले. जीवाणूनाशक म्हणून या कणांचा आढावा घेणारा त्यांचा २००९ चा लेख जगभर वाचला गेला. विदर्भातल्या प्रयोगशाळेचे हे काम अभिमानाने सांगावे असेच आहे. पण जीवाणू मारणारी चांदी मित्र-शत्रू पाहत नाही. तळ्यातला विषारी अमोनिया निववणारे जीवाणूही तिला बळी पडू शकतात आणि माशाच्या नाजूक कल्ल्यांनाही इजा पोचू शकते. प्रयोगशाळेच्या काचपात्रातले यश तळ्यात तसेच उतरेल, असे गृहीत धरू नका.

कृषी-निविष्ठा आणि अन्नपदार्थांतील नॅनो-उत्पादनांच्या मूल्यमापनासाठी केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०२० मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली. ती आधी चाळलीत तर कोणता दावा कशावर तपासायचा, हे कळेल. मग एखादा शोधनिबंध हाती घ्या आणि त्याला चार प्रश्न विचारा. प्रयोग टाकीत झाला की तळ्यात? मात्रा किती होती? कण शेवटी कुठे गेले, मांसात, गाळात की पाण्यात? आणि किलोभर खाद्यामागे खर्च किती वाढला? चौथ्या प्रश्नाचे उत्तर निबंधात बहुधा सापडत नाही. ते शेततळ्याच्या बांधावर बसून, मासे विकणाऱ्याबरोबर हिशेब मांडून काढावे लागते.