ऑटोच्या टपावरचा आवाज

हेडफोन लावले असतील तर आवाज थोडा कमी करा, कारण आजचा विषय भोंग्याचा आहे.

दिवाळी झाली, धान घरात आला की चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांमधून एक ऑटो फिरायला लागतो. टपावर भोंगा, आत पेन ड्राइव्ह आणि तार सप्तकातला एक आवाज: आज रात्री, आपल्याच गावात, भव्य नाट्यप्रयोग! झाडीपट्टीतली नाटकं अशीच विकली जातात. व्हॉइस ओव्हर म्हटलं की आपल्याला मुंबईचा एसी स्टुडिओ आठवतो. पण ऑटोवरची ही फाइलसुद्धा व्हॉइस ओव्हरच आहे ना?

थोडं मागे जाऊ. आधी होती दवंडी. डफडं वाजवत कोतवाल गावभर फिरायचा. मग आला रेडिओ. १९५२ च्या सुमारास आकाशवाणीने फिल्मी गाण्यांना दार बंद केलं आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. अमीन सयानींची बिनाका गीतमाला त्याच वर्षी सुरू झाली. गंमत बघा, कार्यक्रम रेकॉर्ड व्हायचा मुंबईत, टेप विमानाने जायची कोलंबोला आणि तिथून तो पुन्हा आपल्याकडे ऐकू यायचा. एका टूथपेस्टच्या जाहिरातीसाठी एवढा प्रवास! १९५७ मध्ये विविध भारती आली. १ नोव्हेंबर १९६७ पासून तिच्यावर जाहिराती सुरू झाल्या, त्या मुंबई, पुणे आणि नागपूर या तीन केंद्रांवरून. म्हणजे आपला विदर्भ पहिल्याच यादीत होता. गडचिरोली तर तेव्हा वेगळा जिल्हाही नव्हता, तो झाला २६ ऑगस्ट १९८२ ला.

पण रेडिओवरची वेळ सेकंदांच्या हिशोबाने विकली जाते. साबणाच्या कंपनीला ते परवडतं. एका रात्री, एका गावात होणाऱ्या नाटकाला कसं परवडणार? म्हणून माणूसच माइक धरून गाडीत बसायचा आणि दिवसभर घसा फोडायचा. कॅसेट आली तेव्हा त्या घशाला सुट्टी मिळाली. एकदा बोला, दिवसभर वाजवा.

आता माझी फजिती ऐका. मागच्या सीझनला गावातलं मंडळ म्हणालं, "तू कम्प्युटरवाला आहेस, अनाउन्सिंग तूच बनव." मी एआय आवाज वापरला. भारदस्त, एकदम सिनेमाच्या ट्रेलरसारखा. चाळीस सेकंदांची फाइल, मागे म्युझिक. दुपारी ऑटोवाले काका परत आले. म्हणाले, "बाबू, लोकं इचारून राह्यले, नाटक कोन्त्या गावात हाय?"

मी गणित मांडलं, पण उशिरा. ऑटो ताशी १० किलोमीटरने चालला तर सेकंदाला पावणेतीन मीटर जातो. दारात उभ्या असलेल्या माणसाला दोन्ही बाजूंना मिळून शंभरेक मीटर स्पष्ट ऐकू येतं असं धरा. म्हणजे त्याच्याकडे फक्त ३६ सेकंद आहेत, तेही जाहिरातीच्या मधूनच सुरू होणारे. माझ्या फाइलमध्ये गावाचं नाव एकदाच होतं, अगदी शेवटी. शिवाय भोंग्यातून खर्जाचा आवाज बाहेरच पडत नाही. माझा भारदस्तपणा भोंग्यानेच खाल्ला होता.

काकांनी खोलीत चारी बाजूंनी गोदड्या टांगल्या, माझाच फोन तोंडासमोर धरला आणि बोलले. आवाज उंच, प्रत्येक शब्द सुटा, गावाचं नाव पाच वेळा. म्युझिक फक्त श्वास घेतानाच्या जागेत. मी इतकी वर्षं त्या चिरक्या सुराला हसत होतो. तो सूर भोंग्याने आणि रस्त्याने घडवलेला होता.

मी विचारलं, "काका, जुन्या कॅसेट आहेत का?" ते हसले. "कायच्या? तिच्यावरच दुसरं नाटक भरत होतो न."

इथेच मला चटका बसला. वडसा म्हणजे देसाईगंज, तिथे नाट्य कंपन्यांची ऑफिसं आहेत, तारखा तिथे बुक होतात. झाडीपट्टीचे कलावंत डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा देशाने या रंगभूमीचं नाव ऐकलं. पण लोकांना रात्रभरासाठी घराबाहेर काढणारे हे आवाज? त्यांची नावं पोस्टरवर नसतात. कॅसेट पुसली गेली, पेन ड्राइव्ह फॉरमॅट होतो. कुठलं नाटक कुठल्या गावात झालं, तिकीट किती होतं, हे सगळं त्या फाइलमध्ये असतं आणि सकाळ झाली की तिची गरज संपते.

म्हणून एक काम सांगतो. या सीझनला ऑटो दारावरून गेला की फोन काढा आणि ते ३६ सेकंद रेकॉर्ड करा. फाइलला गावाचं नाव आणि तारीख द्या. आणि ऑटो थांबलाच, तर बोलणाऱ्याचं नावही विचारून घ्या.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!