इवल्या मोटारींचे टायर



बैलगाडीच्या चाकावर चढविलेल्या लोखंडी पट्टीस आपण धांव म्हणतों. कोणती धांव निवडावी हा प्रश्न गाडीवानाला कधीं पडला नाहीं. लोहारानें ती तापवून चाकावर बसविली, वर पाणी ओतलें, कीं पुढचीं कित्येक वर्षें तिकडे पाहण्याचें कारण उरत नसे. चाकावर रबर आलें आणि त्याच्या पाठोपाठ निवडीची विवंचना आली. त्या विवंचनेचें एक टोक आज मी आपल्यापुढें मांडणार आहें, आणि तें ऐकून आरंभीं आपणांस हंसूं येण्याचा संभव आहे. दोन वीत लांबीची, दीड किलो वजनाची मोटार. ती चालविणारा दूर एका माचावर उभा, हातांत रेडिओची पेटी. आणि शर्यत अवघ्या पांच मिनिटांची. अशा मोटारीच्या चाकांना कोणतें रबर घालावें? या एका प्रश्नापायीं अमेरिका, युरोप आणि जपान येथील कितीतरी शहाण्यासुरत्या माणसांनीं गेलीं पन्नास-साठ वर्षें आपले रविवार खर्चीं घातले आहेत.

खेळणें म्हणून हा विषय बाजूस सारूं नये. हवेचा टायर व्यवहारांत आला तोच मुळीं एका मुलाच्या खेळण्यावरून. १८४५ सालीं रॉबर्ट विल्यम टॉमसन या स्कॉटिश गृहस्थानें हवेच्या चाकाचें पेटंट घेतलें होतें, पण जग तें विसरून गेलें. पुढें १८८८ सालीं बेल्फास्ट येथील जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्यानें आपल्या लहान मुलाच्या तीनचाकीचे हादरे कमी व्हावेत म्हणून हवेनें भरलेली रबरी नळी तिच्या चाकांवर बसविली, आणि तेथून सारा उद्योग उभा राहिला. टॉमसनचें नांव पुन्हां वर आलें तेव्हां डनलॉपचें पेटंट रद्द ठरलें, ही गोष्ट निराळी. सांगावयाचें तें इतकेंच कीं, टायर तीनचाकीवरून मोठ्यांच्या मोटारींत गेला आणि ऐशीं-एक वर्षांनीं पुन्हां खेळण्यांत परतला. परतला तेव्हां मात्र एक अनपेक्षित अडचण उभी राहिली. मोटारीबरोबर टायरला लहान होतां येईना.

ही अडचण समजल्याखेरीज पुढचा इतिहास उलगडत नाहीं, म्हणून थोडें गणित करूं. पंधराशें किलो वजनाची मोटार दहापट लहान केली असें समजा. लांबी, रुंदी व उंची या तिन्ही दहाव्या हिश्शावर आल्या, म्हणजे वजन हजाराव्या हिश्शावर, दीड किलोवर, येतें. परंतु टायरचा जो तळवा जमिनीस टेकतो त्याला लांबी-रुंदी दोनच. त्याचें क्षेत्रफळ शंभराव्या हिश्शावर थांबतें. परिणाम असा होतो कीं, तळव्याच्या प्रत्येक बोटभर जागेवर पडणारा भार दहापट कमी होतो. रबर रस्ता धरतें तें रस्त्याच्या बारीक खांचाखोंचांत रुतून आणि त्यांना चिकटून. रस्त्यावरची खडी तर आपल्या मोटारीसाठीं लहान झालेली नाहीं. मोठ्या गाडीचें घट्ट रबर या हलक्या भाराखालीं रुततच नाहीं; तें नुसतें खडीच्या माथ्यावरून घसरत जातें. तेव्हां आकार हुबेहूब पाहिजे असेल तर पकड सोडावी लागते आणि पकड पाहिजे असेल तर हुबेहूबपणा सोडावा लागतो. लहान मोटारींच्या शर्यतीचा सारा इतिहास या एका पेंचांतून निघाला आहे.

रेडिओच्या लहरींनीं वस्तु दूरून चालविण्याचा प्रयोग निकोला टेस्लानें १८९८ सालीं न्यूयॉर्क येथें करून दाखविला, पण ती होती नाव, आणि नावेला टायर लागत नाहींत. मोटारीची पाळी यावयास बराच अवकाश लागला. मध्यंतरीं, १९५७ सालीं, ब्रिटनमध्यें स्केलेक्स्ट्रिक या नांवानें विजेवर चालणाऱ्या, खांचेंत अडकवून धांवणाऱ्या मोटारी बाजारांत आल्या, आणि पुढल्या दहा वर्षांत अमेरिकेंत या खेळानें असा कांहीं उच्छाद मांडला कीं, जागोजागीं भाड्यानें खेळण्याच्या धांवपट्ट्या निघाल्या. तें वेड आलें तसें ओसरलें. पण त्यानें एक विद्या मागें ठेविली. खांचेंतल्या मोटारवाल्यांना कळून चुकलें होतें कीं, सांच्यांतून काढलेल्या सुबक टायरपेक्षां स्पंजी रबराची साधी चकती चाकावर चिकटविली आणि तिला जरासें चिकट औषध चोपडलें तर मोटार वळणावर कितीतरी अधिक वेगानें जाते. १९६६ सालीं इटलींतील एल्जी या कंपनीनें रेडिओनें चालणारी फेरारी विक्रीस आणली, आणि त्याच सुमारास अमेरिकेंत खांचेंतल्या मोटारींचे कांहीं कारागीर या नव्या धंद्याकडे वळले. त्यांनीं स्पंज बरोबर आणला.

१९७० नंतरच्या त्या पहिल्या शर्यती दुकानांच्या मोटारतळांवर, सुट्टीच्या दिवशीं तळ रिकामे असतां होत. मोटारी खऱ्या मोटारीच्या अष्टमांश आकाराच्या, लहानशा इंधन-इंजिनाच्या. १९७७ सालीं कॅलिफोर्नियांतील पोमोना येथें त्यांची पहिली जागतिक स्पर्धा झाली. या मोटारींच्या स्पंजी टायरांत हवा नाहीं, दोरा नाहीं, नक्षी नाहीं. केवळ एक काळी कडी. आणि तरीही निवडीचा किती विस्तार! रबराचा मऊपणा शोअर नांवाच्या मापानें मोजतात. बोथट सुई रबरांत किती रुतते यावरून आंकडा ठरतो. मोठ्या मोटारीच्या टायरचा आंकडा साठ-सत्तरच्या घरांत असतो, तर या स्पंजाचा पस्तीस-चाळीसच्या आसपास. त्यांतही दोन-तीन अंकांचा फरक चालविणाऱ्याला हातांतल्या पेटीवर जाणवतो असें म्हणतात. पुढचीं चाकें मऊ ठेवलीं तर मोटार वळणांत झटकन शिरते पण मागची बाजू फेंकली जाते. मागचीं मऊ ठेवलीं तर मोटार सरळच जाऊं पाहते.

शिवाय स्पंज झिजतो, आणि झिजतां झिजतां मोटारीचा वेगच बदलतो. अठ्ठेचाळीस मिलिमीटर व्यासाचें चाक पंचेचाळिसावर आलें कीं एका फेऱ्यांत कापलें जाणारें अंतर एकशें एक्कावन्नवरून एकशें एक्केचाळीस मिलिमीटरवर येतें. म्हणून जाणते लोक चाक आरंभींच लहानशा लेथवर कातून इष्ट व्यासाचें करीत, दंतचक्रें त्याला जुळतीं बसवीत, आणि कातल्यानंतरचा काळा भुगा झटकीत घरीं जात. त्यांच्या घरांतील मंडळींचें या भुग्याविषयीं काय मत होतें तें इतिहासांत नमूद नाहीं.

हुबेहूबपणाचा पक्षहि थोर होता, हें सांगितलें पाहिजे. जपानांतील शिझुओका येथील तामिया या कंपनीनें १९७६ सालीं विजेवर चालणारी पोर्शे ९३४ ही मोटार काढली. तिचा नमुना अचूक यावा म्हणून कंपनीनें खरी पोर्शे विकत घेऊन ती खिळा न खिळा सोडून पाहिली होती. तामियाच्या त्या मोटारीमुळें हा छंद मोटारतळावरून घराघरांत गेला. तिचे टायर पाहावयास फार सुंदर. पण शर्यतीस उतरणाऱ्यांनीं ते काढून स्पंजाच्या कड्या चिकटविल्या. या प्रसंगांत मला थोडी खिन्नता वाटते. ज्यांनीं खरी मोटार उलगडून तिचें रूप हस्तगत केलें, त्यांच्या रूपाला धांवपट्टीवर किंमत उरली नाहीं.

रूपाचा सूड मातीनें घेतला. १९७९ सालीं त्याच कंपनीनें रेतीवर धांवणाऱ्या उघड्या मोटारी आणल्या आणि खेळ रस्ता सोडून मातींत उतरला. १९८५ सालीं कॅलिफोर्नियांत या दशमांश मोटारींची पहिली जागतिक स्पर्धा झाली. मातींत स्पंज टिकेना. तेथें सांच्यांतून काढलेले पोकळ रबरी टायर आणि त्यांवर खुंट्यांची नक्षी परत आली. मात्र या टायरांत हवा भरीत नाहींत. उलट आंतली हवा सुटावी म्हणून भोंक ठेवतात आणि आकार सांवरण्यास स्पंजाचा भराव घालतात. आंत दोऱ्याचें कापड नसल्यामुळें मोटार भरधांव सुटली कीं चाक कुंभाराच्या चाकावरील मातीसारखें फुगून उंच व अरुंद होतें.

मातीवरील निवड हा तर शेतकऱ्याच्या अंदाजासारखा प्रकार. सकाळीं जमीन ओलसर, तेव्हां लांब खुंट्या. दुपारीं वरची माती उडून धुरळा झाला म्हणजे दाट व बुटक्या. आणि संध्याकाळपर्यंत मोटारी ज्या वाटेनें गेल्या ती वाट रबर चोळून चोळून काळीनिळी तकतकीत झाली कीं खुंट्या निरुपयोगी ठरून झिजका टायरच उत्तम. कांहीं ठिकाणीं तर माती घट्ट बसावी व चिकट राहावी म्हणून साखरेचें पाणी शिंपडतात. नवा टायर विकत घेऊन तो मुद्दाम झिजविणारे लोक या छंदाबाहेर मला कोठें आढळले नाहींत.

१९९० नंतर चार चाकें ओढणाऱ्या, खऱ्या मोटारींसारख्या दिसणाऱ्या गाड्यांचा खेळ डांबरी पट्ट्यांवर वाढला, आणि त्यांतहि रबरी टायरांनीं हळूहळू स्पंजास हटविलें. आतां प्रश्न आला उष्णतेचा. १९६३ सालीं ग्रॉश या संशोधकानें प्रयोगांनीं दाखविलें होतें कीं, रबराच्या घर्षणांत तापमान आणि घसरण्याचा वेग हे एकमेकांचें काम करूं शकतात. प्रत्येक मिश्रणाला पकडीची आपली अशी एक वेळ असते. तेव्हां उन्हाळ्याचें रबर निराळें, ढगाळ दिवसाचें निराळें. कांहीं कारखान्यांनीं मिश्रणांना तापमानावरूनच अंक दिले. शर्यतीपूर्वीं चाकांना विजेच्या उबदार पट्ट्या गुंडाळूं लागले. औषध चोपडण्यांतहि कसब शिरलें: पुढच्या चाकाच्या संपूर्ण रुंदीस न लावतां आंतल्या अर्ध्या भागासच लावलें, तर मोटार वळणांत बिचकत नाहीं.

येथवर हें सारें कौतुकाचें आहे. पण ज्याच्यापाशीं बारा प्रकारचे टायर त्याला निवड. ज्याच्यापाशीं एकच जोड त्याला कसली निवड? रबराचें तेज पहिल्या कांहीं फेऱ्यांतच अधिक असतें, म्हणून ज्याला परवडे तो प्रत्येक फेरीस नवा जोड लावी. खाऊचे पैसे सांठवून मोटार घेणारा शाळकरी मुलगा माचावर त्याच्या शेजारीं उभा राही, हात त्याच्याहून चपळ असला तरी मागें पडे, आणि पुढल्या मोसमांत दिसेनासा होई. खेळाला खरी झीज लागली ती येथें.

यावर उपाय निघाला तो असा कीं, टायर संयोजकांनींच ठरवावा. सर्वांना एकच मिश्रण, भराव घालून चाकावर चिकटविलेलें, वांटलेल्या प्रत्येक टायरवर खूण केलेली, आणि जोडांची संख्या ठरीव. युरोपांतील डांबरी पट्ट्यांवर ही रीत रुळली आहे. मोठ्या मोटारींनाहि हाच मार्ग पत्करावा लागला: २००५ सालीं अमेरिकेंतील इंडियानापोलिस येथें एका कंपनीचे टायर त्या पट्टीस न टिकणारे निघाल्यामुळें वीसांपैकीं अवघ्या सहाच मोटारी धांवल्या, आणि २००७ पासून फॉर्म्युला वनमध्यें टायरचा पुरवठा एकाच कंपनीकडे राहिला. कित्येक जुने खेळाडू म्हणतात कीं, ठरीव टायरनें खेळांतील विद्याच गेली. अंगठ्यानें रबर दाबून हवा ओळखणारा माणूस आतां निरुपयोगी झाला. त्यांचें दुःख मला समजतें. परंतु त्या विद्येची फी कोण भरीत होता हेंहि पाहावें लागतें, आणि मी तरी त्या शाळकरी मुलाच्या बाजूचा आहें. ज्यांना रबराची परीक्षा करावयाची हौस आहे त्यांच्यासाठीं माती अद्याप पुष्कळशी मोकळी आहे.

ठरीव टायरनेंहि निवड अगदींच संपली असें नाहीं. औषधाच्या उग्र वासामुळें बंद सभागृहांत बरींच औषधें वर्ज्य झालीं, तेव्हां बिनवासाचीं निघालीं; मग तें किती मिनिटें मुरूं द्यावें याचें शास्त्र निघालें. आणि गालिच्याच्या पट्टीवर तर आतां पकड इतकी वाढते कीं, मोटार घसरण्याऐवजीं वळणावर उलटते. एका काळीं जी पकड मिळविण्यासाठीं स्पंज शोधला, तीच कमी करण्याची वेळ येते. टायर बदलण्याची तर मुभा नाहीं. तेव्हां खेळाडू झटकन चिकटणाऱ्या गोंदाची बारीक कुपी काढतो, पुढच्या चाकाच्या बाहेरील कडेवर त्या गोंदाची एक पातळ रेघ ओढतो, म्हणजे तेवढा भाग कठीण होऊन रस्ता सोडील, आणि चाक बोटांत धरून, रेघ सुकेपर्यंत, घड्याळाकडे पाहत उभा राहतो.