चंद्राच्या तालावरचं बंदर

माझे आजोबा पनवेलच्या बंदराबद्दल सांगायला बसले की आधी तिथी विचारायचे. तिथीची पाऊणपट केली की मुंबईच्या भरतीची वेळ निघते: अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. पनवेल खाडीच्या पार आत, म्हणून इथे पाणी चढायला थोडा उशीर. एवढ्या हिशेबावर तांडेल मचवा हाकारायचे.

मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांनी समुद्र गाठायला ५८ किलोमीटरचा कालवा खणला. १८९४ साली तो खुला झाला. पनवेलला गाढी नदीच्या मुखाशी खाडी आयती मिळाली होती. उधाणाला भरलेले मचवे धक्क्याला लागत, भांगाला पाणी तोकडं पडे. सुकती लागली की मचवा गाळात बसे आणि हमाल गुडघाभर चिखल तुडवत तांदळाच्या गोणी डोक्यावरून वाहत. हे आजोबांनी लहानपणी डोळ्यांनी पाहिलेलं.

त्याआधीची भरभराट त्यांना त्यांच्या आजीने सांगितलेली. मुंबईहून पुण्याला निघालेला माणूस होडीने पनवेलला उतरायचा. पुढे खोपोली, मग बोरघाट. १८३० साली घाटात गाडीरस्ता झाला आणि देशावरचा कापूस बैलगाड्यांनी पनवेलला येऊ लागला. रात्रीची भरती चुकू नये म्हणून घाट उतरलेले गाडीवान चंद्राकडे बघत बैल हाकायचे, असं ती आजी सांगे. १८५२ साली इथे नगरपालिका झाली. मला ती या वर्दळीचीच खूण वाटते.

१८६३ साली आगगाडी बोरघाट चढली. तिने कल्याण-कर्जतची वाट धरली नि पनवेल बाजूला पडलं. पुण्याचा उतारू गेला, देशावरचा कापूस गेला. तरी भात, मीठ, लाकूड यांवर बंदर पुढच्या पिढ्यांपर्यंत तगून राहिलं. मग ट्रक आले.

आता खाजणांवर भराव पडलेत, विमानतळासाठी उलवे नदीचा प्रवाह वळवलाय. मचवे गेले तरी खाडीचं काम संपलेलं नाही. माथेरानच्या डोंगरातलं पाणी गाढी अजून याच वाटेने समुद्राला नेते. मुसळधार पाऊस आणि उधाणाची भरती एकाच वेळी आली की ते पाणी तुंबतं, सखल वस्त्यांत शिरतं. भरावाचे नकाशे मंजूर करणाऱ्यांनी शेजारी भरतीचं कोष्टकही उघडून ठेवावं, एवढीच माझी कळकळीची मागणी आहे.