तिकिटावरचा निर्मनुष्य समुद्र

टपाल तिकिटांच्या जगात काही मुलुख असे आहेत, जिथे पत्र टाकायला नागरिकच नाहीत. मालदीवच्या दक्षिणेला, हिंदी महासागराच्या मध्यावर पसरलेला चागोस द्वीपसमूह हा त्यांपैकी एक. त्यातल्या दिएगो गार्सिया या सर्वांत मोठ्या बेटावर अमेरिकेचा लष्करी तळ आहे आणि बाकीची बेटे ओस आहेत. तरीही ‘ब्रिटिश इंडियन ओशन टेरिटरी’ या नावाने निघालेली तिकिटे जगभरच्या संग्राहकांपर्यंत पोचली. त्यांवर मासे, कासवे, पक्षी आणि प्रवाळ यांची रेलचेल आहे. २०१० मध्ये ब्रिटनने हाच समुद्र संरक्षित सागरी क्षेत्र म्हणून जाहीर केला. या तिकिटांचा आणि त्या क्षेत्राचा इतिहास शेजारीशेजारी ठेवून वाचला, तर दोन्हीकडे एकच चित्र दिसते: जीवसृष्टीने गजबजलेला, पण माणूस नसलेला समुद्र. हा समुद्र निर्मनुष्य कसा झाला, याचा पुरावा मला पहिल्यांदा तिकिटांच्या सूचीत सापडला.

मुळात ही बेटे मॉरिशसच्या अखत्यारीत होती. ८ नोव्हेंबर १९६५ रोजी ब्रिटनने ती मॉरिशसपासून तोडली, त्यांना सेशेल्सची तीन बेटे जोडली आणि एक नवी वसाहत निर्माण केली. मॉरिशसला त्यापोटी ३० लाख पौंड मिळाले आणि १२ मार्च १९६८ रोजी तो देश चागोसविना स्वतंत्र झाला. त्याआधीच, जानेवारी १९६८ मध्ये, नव्या वसाहतीची पहिली तिकिटे निघाली होती. ती सेशेल्सचीच तिकिटे होती, त्यांवर ‘बी.आय.ओ.टी.’ ही आद्याक्षरे ओव्हरप्रिंट केलेली होती. या आद्याक्षरांमधला एखादा टिंब गळालेली तिकिटे संग्राहक आजही आवर्जून शोधतात. त्याच वर्षी सागरी जीवांची स्वतंत्र मालिका आली. तिच्यात हातोडी शार्क होता, वाघ्या शार्क होता, नारळ फोडणारा खेकडाही होता.

हे शार्क छापले जात होते तेव्हा बेटांवर माणसे राहत होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच मळेवाल्यांनी आफ्रिका आणि मादागास्करमधून गुलाम आणून तिथे नारळाच्या बागा उभ्या केल्या. पुढे भारतातूनही काही मजूर गेले. त्यांच्या पाच-सहा पिढ्या तिथेच जन्मल्या, तिथल्याच दफनभूमीत पुरल्या गेल्या आणि त्यांची स्वतःची क्रिओल बोली तयार झाली. पण १९६६ च्या कराराने बेटे अमेरिकेच्या संरक्षणासाठी खुली झाली आणि ती रिकामी करण्याचे ठरले. लोकांना कायमचे रहिवासी मानले, तर संयुक्त राष्ट्रांना उत्तर द्यावे लागले असते. म्हणून ते कंत्राटी मजूर असल्याचे दाखवण्याचे धोरण ब्रिटिश अधिकाऱ्यांनी आखले. तसे कागद पुढे उघड झाले आहेत. १९७३ पर्यंत दीड ते दोन हजार माणसे मॉरिशस आणि सेशेल्समध्ये नेऊन सोडली गेली.

इथे पुन्हा तिकिटांकडे यावे लागते. १९६९ मध्ये ‘बेटांची जहाजे’ या विषयावर मालिका निघाली. तिच्यात नॉर्डव्हेर नावाची मोटरबोट आहे. या बोटीवर त्याच वर्षी फिरते टपाल कार्यालय सुरू झाले होते. १९७१ मध्ये दिएगो गार्सियातली माणसे हलवली गेली, तेव्हाही हीच बोट वापरली गेली. विस्थापितांच्या साक्षींनुसार मळ्यातले घोडे डेकवर होते आणि बायकामुले खाली पक्ष्यांच्या विष्ठेच्या खताच्या पोत्यांवर झोपली होती. त्याआधी बेटावरची कुत्री गॅस सोडून मारण्यात आली होती. १९७३ मध्ये पेरोस बान्होस बेटांवरची शेवटची माणसेही नॉर्डव्हेरनेच नेली. बोट पोर्ट लुई बंदरात पोचली, तेव्हा उतरून राहायचे कुठे, असे विचारत या लोकांनी उतरायलाच नकार दिला होता.

पुढच्याच वर्षी, १९७४ मध्ये, फिरत्या टपाल कार्यालयाच्या पाचव्या वर्धापनदिनानिमित्त नॉर्डव्हेरवर दोन तिकिटे निघाली. सूचीत ती ‘वर्धापनदिन’ म्हणून नोंदलेली आहेत. ज्यांची पत्रे या बोटीने न्यायची, ती माणसे तिनेच नेऊन टाकली होती. तिकिटाचा विषय निवडणाऱ्याच्या मनात काही वाईट असेल, असे मला वाटत नाही. त्याला बोट दिसली, टपाल दिसले. माणसे दिसली नाहीत. चागोसच्या साऱ्या कारभाराची रीत हीच आहे.

१९७६ मध्ये सेशेल्सची तीन बेटे परत गेली आणि तिकिटेही थांबली. ती १९९० मध्ये पुन्हा सुरू झाली, तेव्हा तिथे नागरी वस्ती उरली नव्हती. तिकीट छापणे ही मालकीची खूण असते. राज्य आपले आहे, हे सांगायला त्यावरचे नाव पुरते. त्यासाठी पत्र लिहिणारा माणूस लागत नाही.

१ एप्रिल २०१० रोजी ब्रिटनने चागोसभोवतीचा सुमारे ६,४०,००० चौरस किलोमीटर समुद्र संरक्षित केला. हे क्षेत्र महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठे आहे. तिथे व्यापारी मासेमारीवर बंदी आली. दिएगो गार्सिया आणि त्याभोवतीचे तीन सागरी मैल मात्र वगळले गेले. तिथली प्रवाळ परिसंस्था खरोखरच समृद्ध आहे आणि शास्त्रज्ञांची कळकळही खरी आहे. पण डिसेंबर २०१० मध्ये विकिलीक्सने एक अमेरिकी राजनैतिक तार उघड केली. त्या तारेनुसार, संरक्षित क्षेत्र झाले की मूळ रहिवाशांचा परतण्याचा दावा जवळपास संपेल, असे ब्रिटिश परराष्ट्र खात्याच्या अधिकाऱ्याने मे २००९ मध्येच अमेरिकनांना सांगितले होते. ही तार पुरावा म्हणून चालेल, असे ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केले. पण तिने निकाल बदलत नाही, असेही म्हटले.

आंतरराष्ट्रीय मंचावर मात्र पारडे फिरले. मार्च २०१५ मध्ये समुद्र कायद्याच्या लवादाने हे क्षेत्र जाहीर करताना ब्रिटनने मॉरिशसच्या हक्कांची बूज राखली नाही, असा निर्णय दिला. निसर्गसंरक्षण चांगले की वाईट, यावर आपण मत देत नाही, हेही लवादाने स्पष्ट केले. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने चागोस तोडणे बेकायदा ठरवणारे मत १३ विरुद्ध १ असे दिले. भारताने तिथे मॉरिशसची बाजू मांडली होती. कोकणातून गेलेल्या मजुरांचे वंशज मॉरिशसमध्ये आजही मराठी म्हणून ओळखले जातात, त्यामुळे ही गोष्ट आपल्यापासून वाटते तितकी दूर नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये आबिजान येथे भरलेल्या जागतिक टपाल संघाच्या अधिवेशनाने ‘ब्रिटिश इंडियन ओशन टेरिटरी’ची तिकिटे यापुढे न मानण्याचा ठराव केला. त्या नावावरचा टपालाचा शिक्का असा पुसला गेला.

आपल्याकडे १९८७ मध्ये मालवणच्या समुद्रात सुमारे २९ चौरस किलोमीटरचे सागरी अभयारण्य जाहीर झाले. मच्छीमारांनी त्याला विरोध केला आणि वाद वर्षानुवर्षे चालला. तो विरोध योग्य की अयोग्य, यावर मतभेद असू शकतात. पण मालवणात विरोध करायला किनाऱ्यावर माणसे होती. चागोसमध्ये जाहीरनामा निघाला, तेव्हा हरकत घेणारे समुद्रापलीकडे पोर्ट लुईच्या वस्त्यांत आणि लंडनजवळच्या क्रॉली शहरात होते.

२२ मे २०२५ रोजी ब्रिटन आणि मॉरिशस यांनी करारावर सह्या केल्या. सार्वभौमत्व मॉरिशसकडे, दिएगो गार्सियाचा तळ ९९ वर्षे ब्रिटनकडे आणि दिएगो गार्सिया सोडून इतर बेटांवर वस्ती करवण्याची मॉरिशसला मोकळीक, असे त्याचे स्वरूप आहे. मॉरिशसच्या सागरी संरक्षित क्षेत्राला ब्रिटनने साहाय्य करावे, असे कलमही त्यात आहे. चागोसवासी मात्र या कराराचे पक्षकार नाहीत आणि त्यांच्यातही त्याबद्दल एकमत नाही. उद्या या क्षेत्राच्या गौरवार्थ तिकीट निघाले, तर त्यावर प्रवाळ असतील, कासवेही असतील, आणि ती असावीतच. त्यांच्या शेजारी नारळ सोलणाऱ्या एखाद्या बाईला जागा मिळते का, हे मी पाहणार आहे.