सुरेचीं पात्रें : घटाचें यंत्र केव्हां झालें ?

प्राचीन ग्रंथांत ‘सुरा’ शब्द आला कीं आपले भाषांतरकार ‘दारू’ असा प्रतिशब्द योजून मोकळे होतात. परंतु ‘दारू’ म्हणतांच वाचकाच्या डोळ्यांपुढें भट्टी व नळी उभी राहते. मूळांत तीं आहेत कीं नाहींत हें कोणी पाहत नाहीं. आम्हीं द्रव्यें बाजूस ठेवून केवळ पात्रांचा शोध घेतला.

सौत्रामणी यागांतील सुरेस शष्प, तोक्म, लाजा व नग्नहु लागतात. शष्प म्हणजे मोड आलेली साळ व तोक्म म्हणजे मोड आलेला यव, असें भाष्यकार सांगतात. म्हणजे आजच्या बीअरचेंच हें द्रव्य. पात्रें पाहावींत तर आंबविण्याची कुंभी, केसांची गाळणी आणि शंभर छिद्रें पाडलेली दुसरी एक कुंभी. नळीचें नांव नाहीं.

अर्थशास्त्रांतील सुराध्यक्षप्रकरण याहून बोलकें आहे. मेदकास पाणी १ द्रोण, तांदूळ अर्धा आढक व किण्व ३ प्रस्थ. द्रोणाचे १६ प्रस्थ व आढकाचे ४. तेव्हां तांदूळ २ प्रस्थच भरतात आणि किण्व त्यांच्या दीडपट! प्रथम आम्हांस येथें पाठदोष वाटला. पण किण्वाची कृति पुढेंच दिली आहे : उडदाचा कल्क १ द्रोण, तांदूळ त्याहून तृतीयांश अधिक. धान्य किण्वांतच आहे, हें ध्यानीं येतांच पाठ निर्दोष ठरला. त्याच प्रकरणांत कुटुंबी जनांस कृत्यप्रसंगीं श्वेतसुरा व औषधार्थ अरिष्ट घरीं करण्याची मोकळीक आहे. जें घरोघर करावयाचें, त्याचें साहित्य स्वयंपाकघरांतील रांजण-मडक्यांपलीकडचें नसावें, असें आम्हांस वाटतें.

याविरुद्ध पुरावा मातीचा आहे. तक्षशिलेवरील १९५१ च्या ग्रंथांत मार्शल यांनीं सुटीं भांडीं जुळवून ऊर्ध्वपातनाचें यंत्र दाखविलें. पुढें १९७९ मध्यें ऑल्चिन यांनीं चारसद्द्याजवळील शेखान ढेरीच्या भांड्यांवरून तोच पक्ष बळकट केला. भांडीं खरीं, जुळणी मात्र आधुनिकांची. गोल पोटाचें भांडें पाणीही धरतें. मॅकह्यू यांनीं २०२१ च्या आपल्या ग्रंथांत प्राचीन पेयें मुख्यतः आंबविलेलींच होतीं असें प्रतिपादिलें आहे, तें आम्हांस अधिक ग्राह्य वाटतें.

घटाचें खरें रूपांतर आढळतें तें रसग्रंथांत. आनंदाश्रमानें छापलेल्या रसरत्नसमुच्चयांत तिर्यक्पातन यंत्र असें : एका घटास लांब, खालीं वांकलेली नळी जोडावी, ती दुसऱ्या घटाच्या कुशींत घालावी, तोंडें व सांधे मातीनें लिंपावेत, पहिल्याखालीं अग्नि व दुसऱ्यांत थंड पाणी. घट घरचेच, पण आंत पारा आहे, सुरा नव्हे. हीच जोडणी मद्याकडे केव्हां वळली, हा प्रश्न उरतो.

संग्राहकांस आमची विनंति : रसग्रंथांच्या पोथ्यांत समासांत यंत्रांच्या आकृति असल्यास त्या नकलेंत गाळूं नयेत, आणि नळी कोठें जोडली आहे हें अवश्य टिपावें.