लॅपटॉप आणि टॅबलेट : खरेदीपूर्व पारख (बीड जिल्हा)

गाणी, छायाचित्रे, चित्रफिती, अभ्यासाचे व्हिडिओ आणि मराठी मजकूर यांसाठी लागणारा लॅपटॉप किंवा टॅबलेट विकत घेण्याआधी तो आपल्या कामाला, हवेला आणि गावातल्या विजेला टिकेल का, हे तपासण्याची रीत. खोक्यावर छापलेल्या आकड्यांपासून ही पारख सुरू होते, पण तिचा निकाल वापराच्या जागी लागतो. बीड जिल्ह्यात ही जागा बऱ्याचदा पत्र्याच्या छपराखालची खोली असते. मे महिन्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो, वीज मध्येच जाते आणि यंत्र बिघडले तर छत्रपती संभाजीनगर, पुणे, अहिल्यानगर किंवा लातूरचा रस्ता धरावा लागू शकतो. त्यामुळे पुण्या-मुंबईत उत्तम ठरलेले यंत्र इथेही उत्तमच ठरेल, असे धरून चालता येत नाही.

‘मल्टिमीडिया’ हे विशेषण संगणकाला चिकटले ते १९९० च्या दशकाच्या आरंभी. त्या वेळी ठरलेल्या ‘एमपीसी’ मानकात १६ मेगाहर्ट्‌झचा ३८६ एसएक्स प्रोसेसर, २ एमबी रॅम, सीडी ड्राइव्ह आणि साउंड कार्ड एवढे असले की यंत्र मल्टिमीडिया म्हणून विकता येई. आज हे सारे साध्या मोबाइलमध्येही कितीतरी पटीने असते. म्हणून दुकानातल्या पाटीवरच्या त्या शब्दाला आता काही वजन उरलेले नाही. कोणते काम, किती वेळ आणि कुठे बसून करायचे, एवढेच विचारावे.

आकडे न तपासता स्वस्ताईकडे पाहिले की काय होते, याचा देशव्यापी धडा ‘आकाश’ टॅबलेटने दिला. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत तो जाहीर झाला. सरकारला तो सुमारे सव्वादोन हजार रुपयांना पडत होता. आत ३६६ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम आणि बोटाने दाबावा लागणारा रेझिस्टिव्ह पडदा होता. चालायला मंद, बॅटरी तोकडी, अशा तक्रारी लगेच आल्या. पुढे प्रकल्प आयआयटी मुंबईकडे गेला आणि प्रा. दीपक फाटक यांच्या चमूने तो हाती घेतला. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी आलेल्या ‘आकाश २’ मध्ये १ गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, ५१२ एमबी रॅम आणि स्पर्शाला हलका कपॅसिटिव्ह पडदा होता. विद्यार्थ्याच्या हाती यंत्र देण्याची कल्पना योग्यच होती. पहिल्या वेळी कमी पडली ती पारख.

बीडमध्ये सर्वांत आधी पाहायची गोष्ट म्हणजे उष्णता. ॲपल कंपनी मॅकबुकसाठी १० ते ३५ आणि आयपॅडसाठी ० ते ३५ अंश सेल्सिअस अशी वापराची मर्यादा सांगते. इतर अनेक उत्पादकांच्या मर्यादाही याच्याच आसपास आहेत. म्हणजे परळी किंवा माजलगावच्या उन्हाळी दुपारी पंख्याखाली ठेवलेले यंत्र कंपनीने आखलेल्या हद्दीबाहेरच काम करत असते. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतो. आत पंखा नसलेला टॅबलेट तर पडद्याचा उजेडही कमी करतो किंवा चार्जिंग थांबवतो. वातानुकूलित दुकानात पाच मिनिटे चालवून हा दोष दिसत नाही. आपलीच एखादी चित्रफीत पेन ड्राइव्हवर न्यावी, ती लागोपाठ दोनदा एक्सपोर्ट करायला लावावी आणि दोन्ही वेळा घड्याळ लावावे. दुसऱ्या खेपेला बराच जास्त वेळ लागला, तर यंत्राला उष्णता बाहेर टाकता येत नाही हे उघड झाले. हवा बाहेर फेकणाऱ्या जाळ्या तळाला आहेत की बाजूला, हेही उलटून पाहावे. गादीवर किंवा मांडीवर ठेवून काम करणाऱ्यांची तळाच्या जाळीने कोंडी होते.

विजेच्या बाबतीत मात्र लॅपटॉप आपण समजतो त्यापेक्षा चिवट असतो. बहुतेक ॲडॅप्टर १०० ते २४० व्होल्टपर्यंतचा दाब चालवून घेतात, त्यामुळे गावातल्या कमी दाबाने ते अडत नाहीत. धातूच्या अंगाच्या लॅपटॉपला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर दोष सहसा यंत्राचा नसून घरातल्या अर्थिंगचा असतो. तीन पिनांचा ॲडॅप्टर आणि नीट अर्थिंग असले की त्या थांबतात. बॅटरी किती तास चालेल हे जाहिरातीवरून ठरवू नये, वॉट-अवरवरून ठरवावे. ४२ वॉट-अवरची बॅटरी टंकलेखनाला, म्हणजे साधारण ८ वॉटला, पाच तास पुरते. तीच बॅटरी चित्रफीत संपादनाच्या ३० वॉटला दीड तासही पुरत नाही. सतत चार्जरवर असलेली, तापलेली लिथियम बॅटरी लवकर म्हातारी होते. म्हणून अनेक लॅपटॉपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असते. ती आहे का ते पाहावे. भारनियमनाच्या दिवसांत ती बंद ठेवावी आणि एरवी चालू.

जिल्ह्यात या यंत्रांवर सर्वांत जड काम पडते ते फोटो स्टुडिओत. लग्नसराई तर आहेच, शिवाय हरिनाम सप्ताह आणि कीर्तनाचे चित्रीकरण करून ते यूट्यूबवर टाकणे हा इथला रुळलेला व्यवसाय आहे. त्याचे गणित असे. फोर-के चित्रीकरण सेकंदाला १०० मेगाबिट दराने केले, तर एका तासाला ४५ जीबी जागा लागते. दोन तासांचे कीर्तन दोन कॅमेऱ्यांनी टिपले की १८० जीबी झाले. ५१२ जीबीची म्हणून घेतलेली एसएसडी विंडोजमध्ये ४७६ जीबी दिसते, कारण कंपनी जीबी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या. त्यातून विंडोज आणि संपादनाची सॉफ्टवेअर वजा केली, तर दोन कीर्तनांतच डिस्क भरत येते. म्हणून स्टुडिओसाठी १ टीबी किंवा दुसरी एसएसडी बसवायची मोकळी जागा हवी. १६ जीबी रॅम ही किमान गरज धरावी. रॅम मदरबोर्डवरच डकवलेली असेल, तर पुढे ती वाढवता येत नाही. दुकानदाराने ‘नंतर वाढवून देऊ’ म्हटले, तर रिकामा स्लॉट आहे असे बिलावर लिहून घ्यावे.

ग्राफिक्स कार्डाबाबत एक बारकावा पैसे वाचवणारा आहे. नवे कॅमेरे पुष्कळदा १० बिट ४:२:२ प्रकारची एचईव्हीसी फाइल देतात. अकराव्या पिढीपासूनच्या इंटेल प्रोसेसरमधले अंगभूत ग्राफिक्स ती फाइल सहज उलगडते. एन्व्हिडियाच्या आरटीएक्स ५० मालिकेआधीच्या कार्डांना मात्र हार्डवेअरच्या पातळीवर हे जमत नाही. महागडे कार्ड असूनही टाइमलाइन अडखळते, त्याचे मूळ इथे असू शकते. उपाय एकच: आपल्याच कॅमेऱ्याची फाइल दुकानात चालवून पाहावी.

प्रोसेसरच्या नावातले आकडे वाचायला शिकावे. कोअर आय५-१२३५यू म्हणजे बारावी पिढी. शेवटचा ‘यू’ कमी विजेचा, ‘एच’ जास्त ताकदीचा. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेत तिसरा आकडा आतली रचना सांगतो. ७५२०यू मध्ये जुनी झेन २ रचना आहे, ७५३०यू मध्ये झेन ३. नावात एका आकड्याचा फरक दिसतो, पण रचना एका पिढीने वेगळी असते.

पडद्याच्या बाबतीत ‘फुल एचडी’ हा शब्द पुरेसा नाही. स्वस्त लॅपटॉपचा उजेड २५० निट्सच्या आसपास असतो आणि रंगांची व्याप्ती ४५ टक्के एनटीएससी. अशा पडद्यावर हळदीचा पिवळा आणि शालूचा लाल फिका दिसतो. अल्बम छापून आला की रंग भलतेच निघतात. छायाचित्रांसाठी १०० टक्के एसआरजीबी लिहिलेला पडदाच घ्यावा. पांढरे पान पूर्ण उजेडात उघडून यंत्र दुकानाच्या दारापाशी न्यावे. मग काळे, पांढरे, लाल, हिरवे, निळे चित्र पूर्ण पडदाभर लावून मेलेले पिक्सेल शोधावेत. स्पीकर आणि कॅमेरा ऐकून-पाहून ठरवण्यासारखे आहेत.

मराठी डीटीपी, पत्रिका आणि फ्लेक्सचे काम करणाऱ्यांची अडचण वेगळी असते. श्री-लिपीसारख्या सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती यूएसबीच्या कुलपावर, म्हणजे डोंगलवर चालते. पातळ लॅपटॉपला रुंद यूएसबी खाचच नसली तर ॲडॅप्टर घ्यावा लागतो. एआरएम प्रोसेसरवरच्या विंडोज लॅपटॉपमध्ये डोंगलचा जुना ड्रायव्हर चालत नाही. आपले सरकार सेवा केंद्रातल्या बोटांच्या ठशांच्या यंत्राचेही तसेच होऊ शकते. मराठी नीट उमटते का हे पाहायला ‘ज्ञानेश्वर’, ‘वाऱ्यावर’, ‘ॲसिड’, ‘श्रद्धा’ हे चार शब्द टंकून बघावेत. जिथे ऱ्या फुटतो, तिथे गाडी अडते.

टॅबलेटची बाजू विद्यार्थ्यांकडे झुकते. नागपूरची महाज्योती ही संस्था ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या अकरावी विज्ञानाच्या पात्र विद्यार्थ्यांना जेईई, नीट आणि एमएचटी-सीईटीच्या तयारीसाठी टॅबलेट आणि इंटरनेट डेटा देते. वंजारी आणि बंजारा समाज मोठ्या संख्येने असलेल्या या जिल्ह्यात विकत घेण्याआधी त्या योजनेची चौकशी करणे शहाणपणाचे. विकतच घ्यायचा, तर सिम कार्डाची खाच असलेला घ्यावा. ऊसतोडीला जाणारी कुटुंबे वर्षातले पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात असतात. घरचे वाय-फाय फडावर जात नाही. सहा-सात इंचांच्या मोबाइलपेक्षा दहा-अकरा इंचांच्या पडद्यावर बालभारतीच्या पीडीएफ पानाची अक्षरे न वाढवता वाचता येतात, आणि टॅबलेटची खरी उपयुक्तता यातच आहे. चित्रपट आणि मालिका पाहायच्या असतील, तर वाइडवाइन या चित्र-संरक्षण प्रणालीची पातळी एल१ आहे का ते पाहावे. एल३ असेल, तर नेटफ्लिक्ससारखी सेवा साध्या दर्जाचेच चित्र देते, पडदा कितीही चांगला असला तरी. पेनने गणिते सोडवायची असतील, तर दाबाचा फरक ओळखणारे पेन चालते का ते विचारावे. रबरी टोकाच्या पेनने तळहात टेकवून लिहिता येत नाही.

सेकंड हँड आणि रिफर्बिश्ड माल हा सर्वांत जोखमीचा भाग. कंपन्यांनी टाकलेले बिझनेस लॅपटॉप बांधणीने दणकट असतात आणि पंधरा-वीस हजारांत मिळाल्यास विद्यार्थ्याला मोह पडणे साहजिक आहे. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची मोफत सुरक्षा-सेवा संपली. विंडोज ११ ला साधारणपणे आठव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागते. सहाव्या-सातव्या पिढीच्या यंत्रावर विंडोज ११ जुगाड करून घातलेले असेल, तर ते टाळावे, किंवा त्यावर लिनक्स चालवायची तयारी ठेवावी. विंडोज स्वतःच बॅटरीचा अहवाल काढून देते. त्यात मूळ क्षमता आणि सध्याची क्षमता शेजारी-शेजारी दिसतात. सध्याची क्षमता निम्म्यावर आली असेल, तर नव्या बॅटरीची किंमत भावातून वजा करावी. बायोसला पासवर्ड नाही ना, तळाच्या चिकटपट्टीवरचा सीरियल क्रमांक बायोसमधल्याशी जुळतो ना, हे समोरच पाहावे. जुना आयपॅड आधीच्या मालकाच्या खात्यातून मोकळा केलेला नसेल, तर तो निव्वळ पाटी होऊन बसतो. सिमच्या टॅबलेटचा आयएमईआय क्रमांक ‘केवायएम’ या शब्दापुढे लिहून १४४२२ वर संदेश पाठवला की तो चोरीचा म्हणून बंद केलेला आहे का, ते कळते.

नव्या यंत्राच्या खोक्यावर उत्पादनाचा किंवा आयातीचा महिना आणि वर्ष छापलेले असते. दसरा-दिवाळीच्या सवलतीत जुना साठा बाहेर निघतो, तो इथे ओळखू येतो. भारतीय मानक ब्युरोचा ‘आर’ ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक लॅपटॉप, टॅबलेट आणि ॲडॅप्टर या तिन्हींवर हवा. बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकून पाहता येतो. ‘ऑनसाइट वॉरंटी’ आपल्या पिनकोडला लागू आहे का, हे कंपनीच्या संकेतस्थळावर खरेदीआधीच तपासावे. बीडचा पिनकोड ४३११२२, अंबाजोगाईचा ४३१५१७, तर आष्टीचा ४१४२०३ आहे. जिल्हा एकच असला तरी उत्तर वेगवेगळे येऊ शकते. दोन यंत्रे बाकी सारखी असतील, तर ज्याचे सेवा केंद्र जवळ आहे तेच घ्यावे, दोन हजार जास्त पडले तरी. मदरबोर्ड गेला की दोन-तीन फेऱ्या होतात, आणि त्यात तो फरक सहज निघून जातो.

जीएसटीचे पक्के बिल, त्यावर सीरियल क्रमांक आणि दुकानाचा शिक्का, एवढे हाती आल्याशिवाय पैसे देऊ नयेत. खोके उघडतानाचे चित्रण मोबाइलवर करून ठेवावे. यंत्र सदोष निघाले आणि दुकानदार किंवा कंपनी दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. म्हणजे यंत्र पुण्यातून किंवा ऑनलाइन घेतलेले असले, तरी बीडचा रहिवासी बीडमध्येच दाद मागू शकतो. उदरनिर्वाहासाठी स्वतः स्टुडिओ चालवणाराही या कायद्याने ग्राहकच ठरतो. तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे आहे, आणि वस्तूची दिलेली किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असेल, तर शुल्क काहीच लागत नाही.